एकेरी बेटावर जोडसायकल

वय झालेल्या माणसाने गोल वस्तूंच्या नादी लागू नये. हे मी सांगतोय ते पाठीला मलम चोळून, उशांना टेकून आणि डावा पाय स्टुलावर ठेवून. तेव्हा ऐकायला हरकत नाही. गोल वस्तू म्हणजे एक चाक. आणि चाकाहून वाईट म्हणजे बेट. चाक निदान काढून भिंतीला टेकवून ठेवता येतं. बेटाचं तसं नसतं. बेटावर तुम्ही नाकासमोर कितीही पुढे गेलात, तरी शेवटी निघालात तिथेच येऊन पोचता, आणि तिथे तुमची बायको बसलेली असते.

पण हे फार पुढचं झालं.

सुट्टीला बेटावर जायची कल्पना हिची. मी निवृत्त माणूस. मला सुट्टी नेमकी कशापासून घ्यायची हेच कळेना. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मला कुठेतरी जाऊन नुसतं बसायचंय," ही म्हणाली.

"घरी बसतेसच की."

हातातली पळी तिने कढईत ठेवली. ती ठेवताना जो आवाज झाला, त्या आवाजावर मी तिकिटं काढायला गेलो.

खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मुलगा लांबच्या शहरात असतो. "तुम्ही आता एकटे राहू नका, घर विकून टाका आणि आमच्याकडे या," असं त्याचं बरेच महिने चाललं होतं. घराला गिऱ्हाईकसुद्धा त्यानेच शोधलं. मी त्याला 'आईशी बोलून कळवतो' म्हणालो, आणि आईशी बोललो नाही. कचेरीत मी उभा जन्म हेच केलं. अवघड कागद ढिगाच्या तळाशी सरकवून ठेवायचा. बरेचसे कागद आपोआप सुटतात. उरलेले, आपली बदली झाली की पुढच्या माणसाला सुटतात. पण मुलगा म्हणजे काही कागद नव्हे. माझं गप्प राहणं त्याने होकारात धरलं. आता आम्ही बेटावरून परतणार त्याच संध्याकाळी तो गिऱ्हाइकाला शब्द देणार होता. "काही वेगळं असेल तर त्याआधी फोन करा, बाबा," एवढं तो म्हणाला होता.

"तिकडे बसून शांतपणे ठरवू," ही म्हणाली. "घरी तुमच्याशी बोलता येत नाही. घरी सल्लागार असतात."

मला जायचं नव्हतं, हे तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी एक कठडा आहे. संध्याकाळी तिथे पाचसहा जण जमतात आणि मी बोलतो. मुलाकडे काय आहे? मुलगा ऐकत नाही, सून अत्यंत नम्रपणे ऐकत नाही, आणि नातू कानात बोंडं घालूनच जन्माला आला असावा. पण हिला जायचं असणार, याबद्दल माझी खात्री होती. ती उठता-बसता नातवासाठी स्वेटर विणत होती. स्वेटर विणणाऱ्या बाईला 'आपण जायचं नाही' असं कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मी बोलण्याची वेळच येऊ देत नव्हतो.

आता सल्लागारांबद्दल. हे त्यांचं आडनाव नव्हे, हा त्यांचा स्वभाव आहे. ते समोरच्या दारात राहतात आणि आमच्या दारात उभे असतात. आमच्या स्वयंपाकघराला हिरवा रंग त्यांच्या सल्ल्याने लागला, नळाला उलटी फिरणारी तोटी त्यांच्या सल्ल्याने बसली, आणि आमचं बेटावर जायचं ठरल्याचं त्यांना आमच्याही आधी कळलं.

"बेट सायकलनेच बघायचं," ते म्हणाले. "मीच गेलो असतो, पण गुडघे."

"वहिनींना सायकल येत नाही," मी हिच्याबद्दल त्यांच्याच भाषेत म्हणालो. त्यांच्याशी बोलताना माझं असं होतं.

"जोडसायकल घ्या! पुढे तुम्ही, मागे वहिनी. मागच्याने पायडल मारलं नाही तरी चालतं. नवरा-बायकोसाठीच काढलेली वस्तू आहे ती. फक्त घंटी तेवढी नीट तपासून घ्या."

ब्रेकबद्दल हा गृहस्थ एक अक्षर बोलला नाही. घंटीबद्दल मात्र त्याने मला जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत बजावलं.

बेट छान होतं, म्हणजे उतरेपर्यंत. धक्क्यावरून वर आलं की एक चढ, चढाच्या माथ्यावर आमचं लॉज, त्याला लागून बेटाचं छोटं कार्यालय, आणि त्याला लागून सायकलवाल्याचं दुकान. तिथून समुद्राच्या कडेने एकच रस्ता निघतो. तो उतारावरून खाली जातो, अख्ख्या बेटाला वळसा घालतो आणि मागच्या बाजूने पुन्हा लॉजपाशी येतो. उताराच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड केलेलं एक लाकडी बाक, बाकाशेजारी सायकली लावायचा स्टँड, आणि त्याच्या थोडं पुढे रखवालदाराची टपरी. फोन लागायचा तो फक्त त्या बाकावर. "घरी बोलायचं असेल तर बाकावर जा," लॉजवाल्या बाईंनी सांगितलं, "आणि भांडायचं असेल तरी तिथेच जा. इथे भिंती पातळ आहेत."

आणि तो रस्ता एकेरी होता.

हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. मला भरून आलं. मी नगरपालिकेत एकेरी रस्त्यांच्या टेबलावर होतो. आमच्या शहरातल्या निम्म्या रस्त्यांना दिशा दिली ती मी. आमची स्वतःची गल्लीसुद्धा मी सोडली नाही. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रोज संध्याकाळी स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी येत असे, समोर आमचं दार बघत असे, आणि अख्ख्या बाजाराला वळसा घालून दुसऱ्या तोंडाने घरी येत असे. ही गॅलरीतून बघत असायची. चहा दुसऱ्यांदा गरम व्हायचा. पण उलट्या दिशेने मी कधी चाक फिरवलं नाही.

तर पहिल्याच दिवशी आम्ही पाय मोकळे करायला खाली उतरलो. एक बाई सायकल हातात धरून टपरीपासून बाकापर्यंत मागे येत होती. पाचपन्नास पावलं असतील. रखवालदार टपरीला टेकून कान कोरत होता. त्याने तिला चक्क हात केला.

मी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. शिस्त म्हणजे काय, अपघात कसे होतात, आज पाचपन्नास पावलं सोडली तर उद्या काय काय सोडावं लागेल. टपरीशेजारच्या पाटीवर ठळक लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं: सायकल उलट दिशेने चालवू नये, ढकलू नये, उचलूनही नेऊ नये, रस्त्यावर सोडून जाऊ नये, स्टँडवरच लावावी.

"अहो, चला," ही म्हणत होती.

रखवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि तोंडात धरली. "बरोबर आहे, साहेब," तो शिट्टीच्या कडेने म्हणाला. "आतापासून कडक." माझं कोणीतरी ऐकलं म्हणून मी खूश झालो. आता आठवलं की पायात गोळा येतो.

पुढचे दिवस मी बाक टाळण्यात घालवले. एक दिवस ऊन होतं, एक दिवस वारा होता, एक दिवस दोन्ही नव्हतं म्हणून काहीतरी बिघडल्यासारखं वाटत होतं. हिचा स्वेटर वाढत होता. शेवटचा दिवस उजाडला. दुपारची बोट. ही पिशवीत लोकर, सुया आणि फोन घालून दारात उभी राहिली.

"आज बाकावर जायचं."

"सायकलने जाऊ," मी म्हणालो.

बाक हाकेच्या अंतरावर होतं. पण चालत गेलं की माणूस पोचतो. सायकलीने गेलं तर निदान दुकान, निवड, चौकशी, एवढं तरी मध्ये येतं.

सायकलवाल्याने जोडसायकल बाहेर काढली. लांबीला ती जवळजवळ कपड्यांच्या दोरीएवढी होती. मी घंटी तपासली. उत्तम घंटी. सल्लागारांना दाखवावी अशी. ओळखपत्र त्याच्याकडे ठेवून मी पुढे बसलो, ही मागे बसली, तेव्हा तो आठवण झाल्यासारखा म्हणाला, "आजोबा, ब्रेक आहे बरं का. फक्त त्याला जरा आधी सांगावं लागतं."

"किती आधी?"

"ते तुमच्या वजनावर आहे."

उतार सुरू झाला. पुढे समुद्र चमकत होता. मी हिला एकेरी रस्त्यांचा इतिहास सांगायला लागलो, कारण दुसरा कुठला विषय निघू नये.

"हं, थांबा," ही म्हणाली.

"सांगतो ना, तर त्या वेळी मुख्याधिकारी होते ते..."

"अहो, बाक! थांबा!"

मी ब्रेक दाबला. ब्रेकने ऐकून घेतलं. बाक गेलं, स्टँड गेला, आणि टपरीच्या जरा पुढे, सगळं संपल्यावर, सायकल अदबीने थांबली.

ही उतरली. साडी नीट केली, पिशवी घेतली आणि मागे चालत बाकावर जाऊन बसली. पायी माणसाला दोन्ही दिशा मोकळ्या असतात. मी सायकल वळवली मात्र, अशी शिट्टी वाजली की समुद्रावरचे पक्षी उठले.

"पाचपन्नास पावलं आहेत रे," मी म्हणालो.

"आज पाचपन्नास सोडली तर उद्या काय काय सोडावं लागेल, साहेब," रखवालदार म्हणाला. माझंच वाक्य, माझ्याच स्वरात. ढकलत नेऊ? नाही. उचलून? पाटीकडे बोट. इथेच ठेवून जाऊ? पुन्हा पाटी. "पुढून फिरून या. लहानसं बेट आहे. घामसुद्धा येत नाही."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने सुया बाहेर काढल्या होत्या. "या जाऊन," ती म्हणाली, जसा काही मी गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे.

आता एक चमत्कार सांगतो. ही उतरल्यावर सायकल जड झाली. वजन कमी झालं की वस्तू हलकी होते, असं आपण शाळेत शिकलो. इथे उलट. मागची पायडलं रिकामी गरगरत होती, आणि माझे पाय असे भरून आले की मला वाटलं, बेटाला कोणीतरी मागून धरून ठेवलंय. विचार करायला वेळ नव्हता. दीपगृह आलं, खडकाळ बाजू आली, तिथला वारा आला. त्या वाऱ्याबद्दल मी काही सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून एवढंच सांगतो की घंटी आपोआप वाजत होती आणि माझ्या टोपीने माझ्याआधी बेटाची फेरी पूर्ण केली. मी लॉजपाशी पोचलो तेव्हा ती दुकानाच्या दारात माझी वाट बघत पडली होती. दाराला कुलूप होतं, 'बोटीच्या वेळेला येतो, सायकली खालच्या स्टँडवरच लावाव्यात' अशी चिठ्ठी होती, आणि माझं ओळखपत्र आत होतं.

उतारावर या वेळी मी ब्रेकला बरंच आधी सांगितलं. बहुधा फार आधी. त्याने उताराच्या मध्यावरच चाक घट्ट धरलं, मी जोर कमी केला, तो रुसून पूर्ण सुटला.

"काय कळवायचं त्याला?" हिने विचारलं.

मी तोंड उघडलं तोवर टपरी मागे पडली होती.

पुन्हा दीपगृह. पुन्हा वारा. माणूस थकला असला आणि आसपास ऐकायला कोणी नसलं की ऐकलेलंच मनात फिरतं. पुढच्या वेळी मी उत्तर तयार ठेवून आलो. "तू म्हणशील तसं!" मी ओरडलो, आणि गेलो.

त्याच्या पुढच्या वेळी तिचं तयार होतं. "हे तुम्ही नेहमी म्हणता, आणि मग होतं तुमच्याच मनासारखं!"

आयुष्यात पहिल्यांदा हिच्या एका वाक्यावर मला एक अख्खं बेट विचार करावा लागला. घरी असतो तर ते वाक्य मी अर्ध्यात पकडून दुसरीकडे नेलं असतं. इथे नेणार कुठे? रस्ता एकेरी.

"उदाहरण दे!" पुढच्या फेरीला मी.

"स्वयंपाकघराचा रंग!" त्यापुढच्या फेरीला ती.

खडकाळ बाजूच्या वाऱ्यात मला ते आठवलं. रंगारी दारात उभा होता. हिला फिका पिवळा हवा होता, सकाळचं ऊन आत आल्यासारखा. तसं ती दोनदा म्हणाली होती, आतून. मी आणि सल्लागार दारात होतो. रंगाऱ्याने विचारलं, साहेब कोणता, आणि दोन पुरुषांच्या बाहेरच्या बाहेर झालेल्या बैठकीत तो हिरवा झाला. ही त्या हिरव्यात गेली कित्येक वर्षं पोळ्या लाटते आहे. तिने पुन्हा विषय काढला नाही, म्हणून मला वाटलं, तिला हिरवा आवडला.

अशा वेळी कार्यालय दिसलं आणि माझ्यातला जुना नोकरदार जागा झाला. नियमाला अपवादाची तरतूद असते. नसेल तर नियम लिहिणारा अजून शिकाऊ असतो. आत एक कारकून बसले होते. त्यांना पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण त्यांनी वर पाहिलं नाही.

"उलट दिशेची परवानगी? मिळते ना," ते म्हणाले. "रखवालदाराचा शेरा आणा. तुम्ही चुकून पुढे गेलात, असा."

रखवालदार खाली. शेरा घ्यायला खाली गेलो, म्हणजे बाकावरून पुढे गेलो. तो घेऊन परत यायला बेट फिरून आलो. कारकुनांनी शेरा वाचला, शिक्का शोधला, शिक्क्यावर फुंकर घातली आणि मोठ्या मनाने कागद दिला. बाहेर येऊन वाचला. मला टपरीपासून बाकापर्यंत उलट दिशेने जाण्याची परवानगी होती. पायी.

"सायकलसकट पाहिजे असेल तर प्रमुखांची सही लागते," ते आतून म्हणाले. "प्रमुख सकाळच्या बोटीने गेले."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. असे कागद मीही दिले आहेत. हाती पडल्यावर कसे लागतात, ते आज कळलं.

त्यानंतरच्या किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. आमच्या घरी याचे दोन आकडे आहेत, एक हिचा आणि एक माझा. एवढं खरं की एक कुत्रा हौसेने माझ्याबरोबर धावायला लागला होता. तो मध्येच रस्त्याकडेला बसला आणि नंतर माझ्याकडे बघेनासा झाला. एक समुद्रपक्षी मागच्या सीटवर बसून निम्मं बेट फुकट फिरला. पर्यटकांचा एक जथा बाकाजवळ उभा होता, तर त्यांचा वाटाड्या त्यांना म्हणाला, "आणि हे इथले फिरते आजोबा. दर थोड्या वेळाने दिसतात." लोकांनी माझे फोटो काढले. एका बाईने "बिचारे" म्हटलं. स्टँड त्या जथ्याच्या सायकलींनी भरलेला असल्यामुळे त्या खेपेला ब्रेक नेमका लागला तरी उपयोग झाला नाही. मी बाकासमोर व्यवस्थित थांबलो होतो! रखवालदाराने शिट्टी वाजवली. "जागा नाही, साहेब. रस्त्यात थांबायचं नाही." तेवढ्यात मी हिला एवढंच म्हणू शकलो, "पिवळा देऊ, हिरव्यावर."

"विकायच्या घराला कसला रंग?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्या फेरीत मी घंटी वाजवली नाही. विकायच्या घराला, म्हणाली ती. म्हणजे तिच्या मनात घर विकलं गेलं होतं. म्हणजे तिला जायचं होतं. पण जायचं असलेलं माणूस असं कशाला बोलेल, ओल्या आवाजात? की तिला वाटत होतं, मलाच जायचंय? मीच तर मुलाला काही कळवलं नव्हतं. दीपगृहाचा माणूस आता माझ्या ओळखीचा झाला होता, त्याने हात केला. मी हात करायलाही हात सोडला नाही.

उतारावर आलो तर ही उभी होती, फोन कानाला. माझ्याकडे पाहिलं, फोन बंद केला.

"त्याचा फोन आला होता! मी सांगून टाकलं!"

"काय सांगितलंस?"

"मी त्याला सांगितलं की..."

टपरी. शिट्टी. वळण.

मी आजवर पुष्कळ लांबच्या प्रवासांच्या गोष्टी सांगितल्या आहेत. कठड्यावरच्या मंडळींना विचारा. त्यातले काही मी केलेलेही आहेत. पण त्या फेरीइतकं लांब मी कुठे गेलो नाही. घर गेलं की राहिलं, हे सगळ्या जगात एका बाईला माहीत होतं, आणि ती माझ्या पाठीमागे होती, पाचपन्नास पावलांवर. आणि मी तिच्यापासून लांब जात होतो, कारण तिच्याकडे जायचा रस्ता तोच होता. कठडा डोळ्यापुढे आला. मग लक्षात आलं की कठड्यापेक्षा गॅलरीतली ही जास्त दिसतेय, चहाचं भांडं दुसऱ्यांदा विस्तवावर ठेवून गल्लीच्या तोंडाकडे बघणारी. धक्क्यावर बोट लागलेली दिसली. भोंगा वाजला. पायडलं फिरत होती की मी पायडलांवर फिरत होतो, कळत नव्हतं.

उताराच्या माथ्यावर मी ठरवलं. ब्रेकला सांगितलंच नाही. बाकाच्या जरा अलीकडे वाळूचा ढीग होता आणि त्यावर काटेरी झुडूप. मी हँडल तिकडे वळवलं.

पुढचं चाक ढिगात शिरलं, मागचं माझ्या डोक्यावरून पुढे आलं, आणि आम्ही तिघं, मी, सायकल आणि झुडूप, बाकाच्या पायाशी येऊन थांबलो. घंटी एकदा वाजली. उत्तम घंटी.

"अगंबाई! लागलं का?"

"काय सांगितलंस?" मी झुडपातून विचारलं.

"आधी उठा."

"आधी सांग. काय सांगितलंस त्याला?"

ही वाकली, माझ्या कानातली वाळू झटकली. "सांगितलं, बाबा येतायत फिरून. त्यांना विचारते, मग कळवते."

मी तसाच पडून राहिलो. एवढ्या वर्षांत मी कुणाला असं उत्तर दिल्याचं आठवलं नाही. 'आईशी बोलून कळवतो' हे मी म्हणालो होतो; पण मी ते म्हणण्यापुरतं म्हणालो होतो. ही वाट बघत बसली होती. रीतसर, विचारण्यासाठी.

तिने मला ओढून बाकावर बसवलं. स्वतः सरकून जागा केली.

"मग, विचारते," ती म्हणाली. "जायचं का?"

आता इथे मी नेहमीसारखा सुरू झालो असतो. मुख्याधिकारी आले असते, सल्लागारांचं मत आलं असतं. पण छातीत बोलण्याइतकी हवाच नव्हती. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" आणि पुढे काही बोललो नाही, कारण येत नव्हतं.

हिने लोकर आणि सुया पिशवीत घातल्या. बोलणं मध्ये तुटणार नाही, याची खात्री झाल्यावर म्हणाली, "मला पिवळं स्वयंपाकघर पाहिजे."

"आणि नातू? स्वेटर?"

"स्वेटर पोस्टाने जातो."

मग तिने फोन लावला. मुलगा पलीकडून काहीतरी बोलत होता. "नाही रे, विचार करूनच सांगतोय," ही म्हणाली. "बाबांनी खूप विचार केला. सकाळपासून तेच करतायत."

रखवालदार येऊन उभा होता. त्याने झुडूप पाहिलं, वाकडं झालेलं चाक पाहिलं. मी कागद काढायला खिशात हात घातला.

"राहू द्या, साहेब. मोडकी सायकल कुठूनही, कशीही न्या. नियम चालत्या सायकलींना आहे."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मोडली कुठे होती?"

आम्ही ती वाकडी वस्तू दोघांत धरून चढावर ढकलत निघालो, उलट्या दिशेने, भर रस्त्यातून. शिट्टी वाजली नाही. मध्यावर दम घ्यायला थांबलो तेव्हा मी मघापासून मनात असलेलं विचारलं. "सकाळी मागे बसलीस तेव्हा तू पायडल मारत होतीस?"

"मग काय, सायकल तुमच्या बोलण्यावर चालली होती?"

"सल्लागार म्हणाले, मागच्याने नाही मारलं तरी चालतं."

"त्यांना म्हणावं, एकदा मागे बसून बघा."

बोट आमच्यासाठी जराशी थांबली, हे खलाशाचे उपकार.

आता घरी आल्यालाही दिवस झाले. कठड्यावर माझ्या फेऱ्यांची गोष्ट कोणी धडपणे ऐकून घेत नाही. सल्लागारांनी तर गणितच मांडलं: बेट एवढं, चाक एवढं, तुमचं वय एवढं, त्यामुळे हे झालेलंच नाही. इतकं खरं मी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, आणि ते नेमकं कोणाला पटत नाही. थकून मी वाद घालायचं सोडून दिलं आहे. पाय अजून स्टुलावर आहे.

काल सकाळी रंगारी आला. दारात उभा राहून त्याने डबे खाली ठेवले. समोरचं दार उघडलं आणि सल्लागार टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. "पिवळा? पिवळा मळतो हो," ते म्हणाले. "माझं ऐका, हिरव्याचाच आणखी एक हात द्या."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "काय करू, साहेब?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पिवळ्याचा, हिरव्याचा, नगरपालिकेच्या भिंतींना लागलेल्या रंगाचा अख्खा इतिहास जिभेवर आला होता.

"आत विचारा," मी म्हणालो.